तळ्याकाठची बडदास्त
भोपाळच्या राजवाड्यांतून उभ्या राहिलेल्या हॉटेलांची हकिकत

१,६६६.८० हा आकडा जुन्या भोपाळकराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मोठ्या तळ्याचे पाणी समुद्रसपाटीपासून इतक्या फुटांवर पोचले की तळे भरले. मग भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात आणि निम्मे शहर छत्र्या घेऊन ते पाहायला जाते. पावसाळ्यात वर्तमानपत्रे तळ्याची पातळी रोजच्या रोज छापतात, आणि ती वाचणाऱ्यांत मराठी घरेही कमी नाहीत. मुंबईकराला भरती-ओहोटीचे जेवढे भान असते, तेवढेच भोपाळकराला या फुटांचे असते.

भोपाळला समुद्र नाही, सर्वांत जवळचा किनारा शेकडो किलोमीटर दूर. तरीही किनाऱ्यावरच्या शहराच्या बऱ्याच सवयी या गावाला आहेत. संध्याकाळी पाण्याच्या कडेने फिरायला जावे, कणसे खात कठड्यावर बसावे, परगावचा पाहुणा आला की त्याला आधी पाणी दाखवावे. आणि किनाऱ्यावरच्या शहराला असते तसे पाण्याकडे तोंड करून उभे असलेले आलिशान हॉटेलही असावे. मुंबईत ते हॉटेल एका उद्योगपतीने हॉटेल म्हणूनच बांधले. भोपाळमध्ये ती घरे होती, राज्यकर्त्या घराण्याची. त्यांची हॉटेले कशी झाली, कोणती वाचली, कोणती ढासळली, यात या शहराचा दीडशे वर्षांचा इतिहास आला.

आधी तळे, मग गाव

परंपरेप्रमाणे हे तळे परमार राजा भोज याचे, म्हणजे अकराव्या शतकातले. कोलांस नदीला मातीचा बांध घालून त्याने पाणी अडवले. आज त्याचा विस्तार सुमारे ३१ चौरस किलोमीटर आहे, आणि हजार वर्षांनंतरही शहराच्या पिण्याच्या पाण्यातला मोठा वाटा तेच उचलते. त्याच्या शेजारचे छोटे तळे बरेच अलीकडचे. १७९४ मध्ये नवाब हयात मुहम्मद खान यांचे मंत्री छोटे खान यांनी ते बांधवले. भदभद्याचे अकरा दरवाज्यांचे धरण १९६५ चे. दोन्ही तळी मिळून २००२ मध्ये ‘भोज वेटलँड’ या नावाने रामसर यादीत गेली.

मराठी माणसाची या तळ्याशी पहिली मोठी गाठ पडली ती काही पाहुणा म्हणून नव्हे. डिसेंबर १७३७ मध्ये निजाम-उल-मुल्क आपल्या फौजेसह भोपाळच्या किल्ल्याच्या आणि पाण्याच्या आसऱ्याला येऊन बसला. थोरल्या बाजीरावाने त्याला बाहेरून असे कोंडले की छावणीत दाणावैरण पोचेना. ७ जानेवारी १७३८ रोजी दोराहा सराईचा तह झाला, आणि माळव्यासह नर्मदा ते चंबळ दरम्यानच्या मुलखावरचा मराठ्यांचा हक्क निजामाला कबूल करावा लागला. दुसरी खेप १८१२-१३ ची. नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी भोपाळला कित्येक महिने वेढा दिला. वजीर मुहम्मद खानाने गाव झुंजवले आणि राखले. तिसऱ्या खेपेला मराठी माणूस इथे आला तो १९५६ मध्ये, नागपूरहून, हातात बदलीचा हुकूम घेऊन. ती हकिकत पुढे येईलच.

चार बेगमा आणि बांधकामाची हौस

१८१९ पासून १९२६ पर्यंत, थोडा काळ वगळता, भोपाळवर स्त्रियांनी राज्य केले. कुदसिया बेगम, तिची मुलगी सिकंदर, सिकंदरची मुलगी शाहजहाँ आणि शाहजहाँची मुलगी सुलतान जहाँ. चौघींचे स्वभाव वेगळे, पण बांधकामाची हौस चौघींनाही. कुदसिया बेगमने १८२० च्या सुमारास पाण्याला अगदी लागून गौहर महाल बांधला. शाहजहाँ बेगमने आपल्या नावाला जागून भोपाळला स्वतःचा ताजमहाल दिला. हा मात्र मकबरा नव्हे, राहता राजवाडा, १८७१ ते १८८४ या काळात उभा राहिलेला, १२० खोल्यांचा. त्याच्याजवळच तिने ताज-उल-मसाजिदची पायाभरणी केली.

इमारतींबरोबर पाहुणचारही वाढत होता. फ्रेंच प्रवासी लुई रूसले १८६७ मध्ये सिकंदर बेगमचा पाहुणा होता, आणि त्याच्या प्रवासवर्णनात भोपाळ दरबाराला ऐसपैस जागा मिळाली. १८८४ मध्ये इटारसी-भोपाळ लोहमार्ग सुरू झाला. त्याच्या खर्चाचा मोठा भार भोपाळ दरबाराने उचलला होता. गाडी आली तसे पाहुणेही वाढले. सांचीचे स्तूप याच संस्थानात. जॉन मार्शल यांनी १९१२ पासून तिथे जे उत्खनन आणि जीर्णोद्धाराचे काम केले, त्याला सुलतान जहाँ बेगमने पैसा पुरवला. एका मुस्लिम राणीच्या तिजोरीतून बौद्ध स्तूप सावरला जात होता, आणि तो पाहायला येणाऱ्या साहेब लोकांची सोय भोपाळ बघत होते. पाहुणा कुठे उतरेल, काय खाईल, कोण त्याला सांचीला नेईल, याचे तंत्र संस्थानाच्या अंगवळणी पडले ते असे. हॉटेलची पाटी लागायला अजून बराच अवकाश होता.

जनरलसाहेबांचे ‘जहाँनुमा’

सुलतान जहाँ बेगमला तीन मुलगे. थोरले नसरुल्ला खान, मधले ओबैदुल्ला खान आणि धाकटे हमीदुल्ला खान. ओबैदुल्ला १८७८ चे. ते भोपाळच्या फौजेचे सरसेनापती झाले आणि ‘जनरल’ ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. घोड्यांचा त्यांना नाद होता. भोपाळच्या हॉकीरसिकांना ते आणखी एका कारणाने ठाऊक आहेत : शहराची मानाची हॉकी स्पर्धा त्यांच्याच नावाने, ओबैदुल्ला खान चषक म्हणून, ओळखली जाते.

श्यामला टेकडीवर या जनरलसाहेबांनी स्वतःसाठी जो पांढराशुभ्र वाडा उभारला, तोच जहाँनुमा पॅलेस. नावाचा अर्थ ‘जग दाखवणारा’. लांबच लांब व्हरांडे, ओळीने खांब, मध्ये कारंज्याचा चौक. वसाहतकाळातल्या इंग्रजी बंगल्याचा सुटसुटीतपणा, इटालियन धाटणीच्या कमानी आणि ग्रीक वळणाचे खांब असा सगळा मेळ त्यात दिसतो. जुन्या भोपाळच्या तटबंदीतले महाल मात्र वेगळ्या जातीचे. तिथे उंच भिंती, आत पडदा आणि जाळीच्या खिडक्या. जहाँनुमाचे तोंड बाहेरच्या मोकळ्या हवेकडे होते. पुढे जेव्हा या वाड्यात परक्या लोकांना राहायला द्यायची वेळ आली, तेव्हा हे मोकळे व्हरांडे फार कामी आले.

१९२४ हे साल बेगमसाहेबांवर काळ होऊन आले. नसरुल्ला आणि ओबैदुल्ला हे दोन्ही मुलगे त्या एकाच वर्षात गेले. वारस कोण, नातू की धाकटा मुलगा, हा पेच पडला. सत्तरीकडे झुकलेली बेगम १९२५ मध्ये थेट लंडनला गेली, हमीदुल्लांची बाजू मांडून आली, आणि १९२६ मध्ये स्वतःहून गादी सोडून तिने ती त्यांना दिली. गादी धाकट्या शाखेत गेली, जहाँनुमा मात्र मधल्या शाखेकडेच राहिले. म्हणजे ते सत्तेचे केंद्र कधीच नव्हते. ते एका सरदाराचे घर होते, आणि पुढच्या काळात ते टिकले त्यात याचाही वाटा असावा.

पहाटेचा उजेड

तळ्याच्या दुसऱ्या अंगाला, कोह-ए-फिजाच्या उंचवट्यावर, नवाब हमीदुल्ला खानांनी १९२० च्या दशकात आपल्या थोरल्या मुलीसाठी एक वाडा बांधला. त्याचे नाव नूर-उस-सबाह, पहाटेचा उजेड. खाली पाणी, समोर पाणी, आणि पलीकडच्या काठावर श्यामला टेकडी.

ज्या मुलीसाठी हा वाडा बांधला ती आबिदा सुलतान वाड्याहूनही नावाजली. जन्म २८ ऑगस्ट १९१३. आजीच्या कडक शिस्तीत वाढलेली. घोडा, मोटार, बंदूक, हॉकी, स्क्वॉश या सगळ्यांत तरबेज. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून १९२८ मध्ये ती अधिकृत वारस ठरली. १९४२ मध्ये तिने वैमानिकाचा परवाना मिळवला, १९४९ मध्ये स्क्वॉशचे अखिल भारतीय महिला अजिंक्यपद.

तिचे लग्न कुरवाईच्या नवाबांशी झाले होते आणि ते टिकले नाही. मुलाचा ताबा कोणाकडे हा प्रश्न आला, तेव्हा १९३५ मध्ये तिने रात्रीच मोटार काढली, एकटीने कुरवाई गाठली आणि नवऱ्याच्या खोलीत शिरून आपले पिस्तूल त्याच्या पुढ्यात टाकले : मला मार, नाहीतर मी तुला मारीन, मुलगा माझ्याकडेच राहील. मुलगा तिच्याकडेच राहिला. हा प्रसंग तिने स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

तो मुलगा म्हणजे शहरयार खान. १९५० मध्ये आबिदा सुलतान वारसाहक्कावर पाणी सोडून त्याच्यासह पाकिस्तानात गेली, आणि १९५४ मध्ये ब्राझीलमध्ये त्या देशाची राजदूत झाली. शहरयार पुढे पाकिस्तानचे परराष्ट्र सचिव झाले, मग त्यांच्या क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष. भोपाळच्या बेगमांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक २००० मध्ये प्रसिद्ध झाले. आबिदाची धाकटी बहीण साजिदा भारतातच राहिली. पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान हे तिचे पती, आणि मन्सूर अली खान तिचा मुलगा, जन्म भोपाळचाच, ५ जानेवारी १९४१. त्याने १९६२ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधारपद स्वीकारले. तळ्याकाठच्या एकाच घराण्यातल्या दोन मावसभावांपैकी एक भारताचा कर्णधार आणि दुसरा पाकिस्तानच्या मंडळाचा प्रमुख, असा योग क्रिकेटच्या इतिहासात विरळाच.

राजवाडे रिकामे होतात

१ जून १९४९ रोजी भोपाळ संस्थानाचा कारभार भारत सरकारने हाती घेतला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ त्याची राजधानी. त्याआधीच्या मध्य प्रदेशची राजधानी होती नागपूर. विदर्भ मुंबई राज्यात गेला, पण सचिवालयातल्या अनेक मराठी कारकुनांना, अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना फायलींच्या मागोमाग भोपाळला यावे लागले. त्यांच्यासाठी बांधलेल्या वस्तीला नाव मिळाले तात्या टोपे नगर. आज सगळे भोपाळ तिला टी. टी. नगर म्हणते, आणि त्यातली दोन टी कोणाची हे नव्या पिढीला सांगावे लागते. ११०० क्वार्टर्स, १२५० क्वार्टर्स, ७४ बंगले अशी हिशेबनिसाच्या वहीतून उचलल्यासारखी मोहल्ल्यांची नावे याच काळातली. निवांत संस्थानी शहराला अचानक हजारो चाकरमान्यांची आणि त्यांच्या मागून येणाऱ्या बैठका, शिष्टमंडळे, ठेकेदार यांची सोय करायची होती. जवळच अवजड विद्युत सामग्रीचा प्रचंड कारखाना उभा राहत होता. पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले ते १९६० मध्ये.

जुन्या वास्तूंचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला, आणि प्रत्येकीला त्याचे वेगळे उत्तर मिळाले. मिंटो हॉलचा पायाचा दगड १९०९ मध्ये बसला होता. राज्यनिर्मितीनंतर तिथे विधानसभा बसली आणि १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या नव्या इमारतीत जाईपर्यंत बसत राहिली. २०२१ पासून मिंटो हॉलला कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव आहे. सुलतान जहाँचा कस्र-ए-सुलतानी हा महाल महाविद्यालयाकडे गेला. गौहर महालात हस्तकलांची प्रदर्शने भरू लागली. शाहजहाँ बेगमच्या ताजमहालाच्या वाट्याला मात्र वेगळेच आले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथे आसरा मिळाला. बेघरांना छप्पर मिळाले, पण ते पुढे आपापल्या घरी गेल्यावर एवढ्या खोल्यांची उस्तवार करणारा कोणी उरला नाही. छते गळाली, लाकूड खचले. तिथे हेरिटेज हॉटेल करण्याच्या योजना सरकारने अनेकदा मांडल्या.

वापर बंद झालेला राजवाडा किती झपाट्याने ढासळतो, हे पाहायला भोपाळकराला लांब जावे लागत नव्हते.

१९८३

राजवाड्याचे हॉटेल करण्याची वाट राजस्थानने आधीच घालून दिली होती. जयपूरचा रामबाग १९५७ मध्ये, उदयपूरच्या तळ्यातला जगनिवास १९६३ मध्ये. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा आला, आणि मोठ्या आवाराची मोठी घरे सांभाळणे जुन्या घराण्यांना दिवसेंदिवस अवघड होत गेले. विकावे, पडू द्यावे की त्यातून उत्पन्न काढावे?

जनरल ओबैदुल्ला खानांच्या नातवांनी तिसरा मार्ग धरला. १९८३ मध्ये जहाँनुमा पॅलेस हॉटेल म्हणून सुरू झाले. त्याच वर्षी उदयपूरचा जगनिवास ‘ऑक्टोपसी’ या बाँडपटात झळकला आणि भारतातली राजवाडा-हॉटेले जगाच्या नकाशावर आली. पण भोपाळला बाँडची गरज नव्हती, त्याला वेगळाच आधार होता. ती दोन-तीन वर्षे श्यामला टेकडीच्या भरभराटीची होती. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते तिथे भारत भवनचे उद्घाटन झाले. रचना कोरियांची, उतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी तळ्याकडे उतरत जाणारी. ज. स्वामिनाथन आदिवासी चित्रकारांना घेऊन आले, ब. व. कारंत रंगमंडळ बांधू लागले. २६ जानेवारी १९८३ रोजी तळ्याच्या काठालगत वनविहार राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. देशभरचे लेखक, गायक, चित्रकार, नाटकवाले भोपाळकडे वळले, आणि त्यांच्या वाटेवरच हे हॉटेल उघडले होते.

राहत्या वाड्याचे हॉटेल करणे हे नव्याने बांधण्यापेक्षा किचकट असते. राजवाड्यातल्या खोल्या एकसारख्या नसतात : एक दिवाणखान्याएवढी, तर शेजारची जेमतेम पलंग मावेल एवढी. न्हाणीघरे हवी तिथे नसतात. जाड भिंतीतून पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा न्यायच्या तर चुना आणि नक्षी जपावी लागते. शिवाय जुन्या खोल्यांवर धंदा भागत नाही, म्हणून नवे भाग जोडायचे, तेही जुन्याशी फटकून न दिसतील असे. जहाँनुमा वाढत वाढत सुमारे शंभर खोल्यांपर्यंत गेले, तरी आत शिरणाऱ्याला आधी दिसतो तो जुना पांढरा दर्शनी भाग. जनरलसाहेबांच्या आठवणीने घोडेही राहिले. हॉटेलच्या आवारात तबेला असणे ही गोष्ट भारतात आजही दुर्मीळ आहे.

नूर-उस-सबाहचे हॉटेल त्यानंतर झाले. उंचावरून दिसणारे तळे हेच त्याचे मोठे भांडवल. आबिदा सुलतानने ज्या गच्चीवरून पाणी पाहिले असेल, तिथे आता लग्नाची बोलणी आणि कंपन्यांच्या परिषदा होतात.

तिसरे भावंड सरकारी. श्यामला टेकडीवरचे लेक व्ह्यू अशोक हे केंद्र आणि राज्य यांच्या पर्यटन महामंडळांचे सामायिक हॉटेल. त्याला ना बेगमेचा वारसा, ना कमानी. पण जागा अशी की खिडकीत तळे पुरते मावत नाही. २०१७ मध्ये केंद्राने आपला हिस्सा राज्याकडे सोपवण्याचा निर्णय घेतला.

मुंबईचा ताज आणि भोपाळचा वाडा

इथे एक तुलना मराठी वाचकाच्या मनात येणारच. मुंबईचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. त्याचा मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि दि. न. मिर्झा यांचा. वैद्य मध्येच वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरे केले. समोर गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हता. त्याचे उद्घाटन व्हायला १९२४ उजाडले, म्हणजे भोपाळच्या बेगमचे दोन मुलगे गेले ते साल. जमशेटजी टाटांनी हॉटेल बांधले ते बंदरावर उतरणाऱ्या परक्या माणसासाठी. पहिल्या दिवसापासून तिथे खोलीला भाडे होते आणि पाहुण्याला बिल.

जहाँनुमा आणि नूर-उस-सबाह यांचा पाया वेगळा. तिथल्या पहिल्या पाहुण्यांनी बिल कधी पाहिलेच नाही, ते घराण्याचे पाहुणे होते. म्हणून ताजच्या इतिहासात संचालक, व्यवस्थापक, शेफ यांची नावे पुढे येतात, तर भोपाळच्या हॉटेलांच्या इतिहासात आई, मुलगी, नातू यांची. ताजने आपली परंपरा घडवली. भोपाळला ती घरातूनच चालत आली होती, फक्त तिला दरपत्रक जोडायचे होते.

डिसेंबर १९८४

जहाँनुमा सुरू होऊन जेमतेम वर्ष उलटले होते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री काली परेडजवळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. वाऱ्याने तो जुन्या शहरावर आणि रेल्वे स्थानकाच्या परिसरावर नेला. तळ्याच्या दक्षिणेकडची टेकडी त्या मानाने बचावली. पण श्यामला टेकडीचा या शोकांतिकेशी दुसराही संबंध आहे : कंपनीचे अतिथिगृह तिथेच होते. कार्बाइडचे अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबरला भोपाळला उतरले, त्यांना अटक झाली, त्या अतिथिगृहात ठेवण्यात आले आणि त्याच दिवशी जामिनावर सोडून सरकारी विमानाने दिल्लीला पाठवण्यात आले. टेकडीखालच्या शहरात तेव्हा प्रेते मोजली जात होती.

जगभरचे पत्रकार, वकील, डॉक्टर, शास्त्रज्ञ या शहरात येत राहिले, महिनोन्‌महिने, मग वर्षानुवर्षे. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, खटले त्यानंतरही चालू राहिले. ‘भोपाळ’ हे शहराचे नाव जगाच्या तोंडी दुर्घटनेचे नाव होऊन बसले. तळे, सांची, बेगमांचा इतिहास दाखवून पाहुणे बोलावणाऱ्या व्यवसायाला यापेक्षा मोठा अडथळा कोणता?

त्यातून सावरायला जुन्या-नव्या अनेक गोष्टी कामी आल्या. दिल्लीहून निघणारी शताब्दी एक्स्प्रेस भोपाळपर्यंत येऊ लागली. सांचीला १९८९ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला आणि २००३ मध्ये भीमबेटकालाही. भीमबेटकाची चित्रगुहा जगापुढे आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर हे आपलेच. १९५७ मध्ये रेल्वेच्या खिडकीतून त्यांना ते खडक खुणावले होते. सांची एका दिशेला, भीमबेटका दुसऱ्या दिशेला, दोन्ही पाऊणशे किलोमीटरच्या आत. साहजिकच दोन्हीकडे जाणाऱ्यांचा मुक्काम भोपाळात पडतो.

ताटातला इतिहास

वास्तूइतकाच वारसा स्वयंपाकघरातून आला. भोपाळी रिझाला हा पांढरट रश्श्याचा प्रकार : कोंबडी, दही, भरपूर हिरवी मिरची आणि कोथिंबीर. तांबडे तिखट जवळजवळ नाहीच, तरी डोळ्यांतून पाणी काढणारा. फिलफोरा म्हणजे जाडसर कुटलेल्या मांसाचा पदार्थ, चाकूने बारीक केलेल्या खिम्याहून अगदी वेगळा. जहाँनुमाच्या ‘अंडर द मँगो ट्री’ या उपाहारगृहात आंब्याच्या झाडाखाली बसून असे पदार्थ खाता येतात, आणि सकाळच्या न्याहारीत मात्र हटकून पोहे-जिलेबी येते. कोल्हापूरकराला रिझाल्याचे आश्चर्य वाटते आणि इंदूरकराला पोह्यांत घरचा वास येतो. जुन्या शहरात मिळतो तो मीठ घातलेला सुलेमानी चहा. पहिल्या घोटाला तोंड वाकडे करणारा मराठी पाहुणा तिसऱ्या दिवशी तोच मागतो, आणि वाढणारा ‘को खाँ’ अशी खास भोपाळी साद घालत हसतो.

हक्क कोणाचा

नवाब हमीदुल्ला खान ४ फेब्रुवारी १९६० रोजी वारले. थोरली मुलगी पाकिस्तानात होती, म्हणून साजिदा सुलतानला वारस मानण्यात आले. पण आबिदाच्या देशांतराची सावली नवाबांच्या मिळकतीवरून हटली नाही. पाकिस्तानात गेलेल्यांच्या मिळकतींना लागू होणाऱ्या शत्रू-संपत्ती कायद्याचा बडगा पुढे आला आणि वाद न्यायालयात गेला. वृत्तपत्रांत वादग्रस्त मालमत्तांच्या ज्या याद्या छापून आल्या, त्यांत नूर-उस-सबाहचेही नाव होते. एका मुलीसाठी बांधलेला वाडा, तिने देश सोडल्यानंतर पंचाहत्तर वर्षांनीही, तिच्याच निर्णयामुळे कागदोपत्री चर्चेत आहे.

पाण्याच्या हक्काचेही तसेच. रामसर यादीत गेल्यापासून तळे नुसते देखावा राहिले नाही. काठावर काय बांधायचे, सांडपाणी कुठे सोडायचे, पाण्यात काय चालवायचे, या प्रत्येक गोष्टीवर बंधने आली. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मोठ्या तळ्यातल्या क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायला सांगितले. बोट क्लबवरचा इंजिनांचा आवाज थांबला. हॉटेलवाल्यांच्या माहितीपत्रकातले एक आकर्षण गेले, आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांना पाणी मोकळे झाले.

आज नागपूरहून किंवा पुण्याहून येणारा मराठी प्रवासी रानी कमलापति स्थानकावर उतरतो. २०२१ पर्यंत त्याचे नाव हबीबगंज होते, आता तळ्याकाठी महाल असलेल्या गोंड राणीचे आहे. तिथून टी. टी. नगर डावी-उजवीकडे टाकत गाडी व्हीआयपी रोडला लागते. पाण्यात उंच खांबावर राजा भोजाचा पुतळा उभा असतो. मागे जुन्या शहराचे मिनार, पुढे कोह-ए-फिजाचा चढ. बाजीरावाची फौज या पाण्याभोवती उपाशी शत्रूची वाट पाहत थांबली होती. हा प्रवासी हॉटेलच्या काउंटरवर ओळखपत्र ठेवतो, तळ्याच्या बाजूची खोली मिळेल का म्हणून विचारतो, आणि पावसाळ्याचे दिवस असतील तर सामान उचलणाऱ्या पोऱ्याला आणखी एक प्रश्न टाकतो : पाणी किती फुटांवर आले?